एका आढ्याखालच्या सात खोल्या

टेंबवाडी, ता. मालवण
१५ फेब्रुवारी १९५९

ती. भाई,

नमस्कार. आईचा गुडघा दुखतो आहे, पण ती म्हणाली तुला कळवू नको. तेव्हा कळवले नाही असे समज.

आपल्या वसाहतीचे नियम काल मंजूर झाले! तू गेल्या चतुर्थीला ज्यांना 'येसूचे कायदे' म्हणून हसलास, तेच. वर्षभर शाळेत शिकवून आल्यावर मी तेच लिहीत होते आणि खोडत होते. सुरुवातीला चार ओळींची प्रस्तावना घातली आहे, ती उतरून पाठवते:

"समुद्राच्या उधाणात खालची वाडी गेली. तेथील सात घरांनी टेंबावर मिळालेल्या जागेत आपल्या हातांनी एका आढ्याखाली सात खोल्या, एक पडवी, एक खळे व एक विहीर उभी केली. जे एकत्र बांधले ते एकत्र राखावे, म्हणून हे नियम."

वाईट नाही ना? मुख्याध्यापकांना दाखवली, त्यांनी एकही शब्द बदलला नाही.

सभा दारापुढच्या खळ्यात भरली. मी वही उघडली तेवढ्यात दाजी उठले. "थांब गो येसू. आदी देवाक गाऱ्हाणा घालूक व्हया, मगे तुझा वाचन." त्यांनी नारळ पुढे ठेवला, डोळे मिटले आणि सुरू केले. मग एक गंमतच झाली. मी एक नियम वाचायचा आणि दाजींनी तोच गाऱ्हाण्यात घालून देवापुढे मांडायचा. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या सात घरांनी विहिरीर पाळयेन पाणी भरूक व्हया असा आमची येसू सांगता, ता तू ह्येंच्याकडसून करून घी रे म्हाराजा!" की सगळे एका आवाजात, "व्हय म्हाराजा!"

विहिरीची पाळी, खळ्याची झाडलोट, सुकी मासळी कुठे वाळवायची, कोंबड्या, पाहुणे. प्रत्येक नियमाला "व्हय म्हाराजा". एकाचीही हरकत नाही. माझ्या अंगावर काटा आला रे. कोल्हापूरला शिकताना वादविवाद मंडळात आम्ही एका ठरावावर तीन तीन तास भांडायचो, आणि इथे ज्यांना सही येत नाही ती माणसे एका सुरात हो म्हणत होती. मी प्रत्येक नियमापुढे लिहिले: एकमताने मंजूर.

आता तुझ्या कामाचे. शेवटून दुसरा नियम असा आहे: "कोणतीही खोली कुलूप लावून ठेवू नये. जो सभासद गावी राहत नाही त्याने खोली गरजू सभासदास वा गावकऱ्यास वापरण्यास द्यावी." हा तुझ्यासाठी केलेला नाही. छप्पर सगळ्यांचे एक आहे. बंद खोलीवरची कौले कोणी परतत नाही आणि पाणी शेजारच्या भिंतीत उतरते. गेल्या पावसात तुझ्या खोलीतून काशीबाईंच्या भिंतीला ओल गेली, त्यांचे भात कुजले, हे तुला आईने सांगितले असेल.

तर खोलीची किल्ली कोणाबरोबर तरी पाठव. आणि चतुर्थीला मी सगळ्यांसमोर तुला विहीर उपसायची पाळी सांगितली ते चुकले असेल. पण पाळी तुझीच होती.

तुझी,
येसू

•

टेंबवाडी
६ मे १९५९

ती. भाई,

हे कार्ड आहे, तेव्हा थोडक्यात.

फेब्रुवारीच्या आणि मार्चच्या पत्राला तुझे उत्तर नाही. बोटीने येणाऱ्या प्रत्येकाला विचारले. शाकारणी सुरू झाली आहे, भिकाजी आढ्यावर बसून कौले परततात. तुझ्या खोलीवर आतून बांबू बदलावे लागणार होते. तुझे उत्तर नाही म्हणजे तुझी हरकत नाही, असे धरून काल सर्वांसमक्ष कुलूप काढले. सामान नीट बांधून आईकडे ठेवले आहे. खोली शेवंतीला दिली. सविस्तर नंतर.

येसू

•

टेंबवाडी
२८ जून १९५९

भाई,

बाबली मुंबईहून आपल्या मुलाला भेटून काल परत आला. विहिरीवर चार बायका असताना त्याने तुझा निरोप मला मोठ्याने सांगितला. "हरिश्चंद्रान सांगल्यान, माझ्या भयणीक इचार, मी चिरे व्हायले तेवा तिचो नेम खंय होतो? माझा कुलूप फोडून आता ती कायद्याची बाय झाली!" आणि मग स्वतःच हसला.

तुला मला थेट लिहिता आले असते. बाबलीच्या तोंडून कशाला?

भिंतींचे चिरे तू वाहिलेस हे मला माहीत आहे. बांधकामाच्या त्या मे महिन्यात रजा घेऊन आलास आणि तुझ्या खांद्याची साल निघाली होती. मी आणि आईने खोबरेल लावले. तू चौथीतून गोदीत गेलास म्हणून मी कोल्हापूरला गेले, हेही माहीत आहे. ते तू म्हणाला नाहीस, पण बाबलीच्या हसण्यात मला ते ऐकू आले. म्हणून काय मी नियम फक्त दुसऱ्यांसाठी लिहायचे? उद्या बाबलीच्या खोलीला कुलूप पडले तर मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

शेवंती कोण ते तुला आठवत नसेल. ती काशीबाईंची भाची. खालच्या वाडीत आपल्या मागे, माडाखाली तिच्या आईबापांचे घर होते, तू त्यांच्या परसातले आंबे पाडायचास. आईबाप वारल्यावर तिचे लग्न रेडीला करून दिले. नवरा बंदरावर खनिज भरायच्या कामाला होता, तो एके दिवशी कामावरून परत आलाच नाही. मेला नाही. कुठेतरी दुसरीकडे राहतो, असे लोक सांगतात. ती मुलीला घेऊन मार्चमध्ये आली. समुद्राने घर नेले तेव्हा जी सात घरे मोजली त्यात तिचे नव्हते, कारण तेव्हा त्या घरात कोणी राहत नव्हते. पण घर तर तिचेही गेले ना रे?

तिने तुझी खोली कशी ठेवली आहे हे येऊन बघ. भिंतीला चुना लावायच्या आधी ती मला बोलवायला आली. दाराजवळ तू खिळ्याने 'ह. गो.' कोरले आहेस, तेवढी जागा सोडू का, असे विचारले. सोडली आहे. भोवती सगळे पांढरे आणि मध्ये तुझी दोन अक्षरे.

बाकी नियमांचे काय विचारू नकोस. पडवीत मी कागद लावला होता, त्याच खिळ्याला काशीबाईंनी कांद्यांची माळ अडकवली. मी म्हटले, काकी, नियम झाकले. तर म्हणतात, "वाचूक येता त्येंका पाठ असतले. आमका कांदे वाळवूचे आसत." गंगारामच्या कोंबड्या दिवसभर खळ्यात. बांधायच्या ठरल्या होत्या ना, म्हटले तर गंगाराम म्हणतो, "येसूबाय, कोंबयेक तुझो नेम वाचून दाखवलंय. ती म्हणता, माका मान्य नाय." आणि पडवीत सगळे हसले. विहिरीवर पाळी फक्त मी पाळते, म्हणजे माझ्या पाळीला तिथे आधीच तिघी असतात.

मी रागावले की सगळे म्हणतात, आपली येसू शिकलेली आहे, ती बोलणारच. जसे पावसाला म्हणतात पडणारच.

एक नियम मात्र पाळला गेला आहे. तुझ्या खोलीचा. आणि त्याच्याच पायी तू माझ्याशी बोलत नाहीस.

येसू

•

टेंबवाडी
९ ऑगस्ट १९५९

भाई,

या पत्रात तुला आनंद होईल असे आहे, म्हणून लगेच लिहिते. सगळे तुझ्या बाजूला गेले.

सुरुवात गंगारामने केली. त्याचा मुलगा लालबागला असतो, तो चतुर्थीला बायकोला घेऊन येणार आहे. गंगाराम परवा पडवीत येऊन बसला, बराच वेळ तंबाखू मळत राहिला आणि मग म्हणाला, "येसू, उद्या मी डोळे मिटले काय माझ्या झिलाच्या खोलयेत पण कोणतरी शेवंती हाडून बसवतलस? आज हरिश्चंद्राची, उद्या माझ्याची." मी म्हटले, तसाच नियम आहे, काका, तुम्ही सगळ्यांनी मान्य केलेला. तो म्हणाला, "आमी? आमी कधी?"

मी वही आणली. दाखवली. एकमताने मंजूर. तेवढ्यात दाजी आले. त्यांना मी विचारले की दाजी, तुम्हीच ना सांगितले, आणि सगळे हो म्हणाले ना? त्यावर ते काय म्हणाले ते जसेच्या तसे लिहिते.

"ता आमी देवाक म्हटला गो. तुका कोण म्हणालो?"

मी वही मिटली. मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले की गाऱ्हाण्यात 'व्हय म्हाराजा' म्हणतात, न म्हणून कसे चालेल? मध्येच कोणी गप्प राहिला तर ते अशुभ. "तू त्येच्या फुडे लिवलस तर आमी काय करू?"

म्हणजे भाई, मी वर्षभर जे लिहिले आणि ज्याचा मला इतका अभिमान वाटला, त्याला कोणीही, कधीही, हो म्हटलेलेच नव्हते. ते एका सुरात म्हणाले ते मला एकमत वाटले. मी याच मातीतली. लहानपणापासून जत्रेत, लग्नात, होडी पाण्यात घालताना मी स्वतः तसे ओरडले आहे. मला कळायला नको होते?

आता प्रत्येकाच्या घरातला कोणी ना कोणी मुंबईला आहे आणि प्रत्येकाला आपापली खोली दिसते आहे. चाकरमानी चतुर्थीला येतील, त्यांच्या दृष्टीस हे पडू नये, त्याआधी शेवंतीला काढा, नियम रद्द करा, असे ठरते आहे. काशीबाई तिची मावशी, पण त्याही मान खाली घालून बसतात. आई दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. चुलीपुढे बसून एकदाच म्हणाली, "माझ्या झिलान हयसर पाय ठेवूक नाय तुझ्यामुळा."

शेवंतीने कोणाला काही विचारले नाही. गाठोडे बांधायला घेतले आहे. कुठे जाणार म्हटले तर म्हणाली, "रेडयेक. थंय काम तरी गावता." ओझी वाहण्याचे. मुलगी सहा वर्षांची आहे, हल्लीच माझ्याकडे बाराखडी शिकू लागली.

तुला आनंद झाला असेल तर तेवढे तरी लिही.

येसू

•

टेंबवाडी
२६ ऑगस्ट १९५९

ती. भाई,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. रागात लिहिलेले नाही.

रविवारी सभा झाली, पाऊस होता म्हणून पडवीतच. नियम रद्द करायचा एवढेच काम. मी चिटणीस म्हणून वही घेऊन बसले होते आणि मनात ठरवले होते की लिहायचे आणि वही दाजींच्या हातात देऊन मोकळे व्हायचे. बस्स झाले. शाळा आहे, मुले आहेत, मला काय कमी काम आहे?

दाजींनी नारळ ठेवला. सुरू झाले. "बा देवा म्हाराजा! लेकरांकडसून चूक झाली, ती पदरात घी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "ज्येची खोली त्येका गावांदे, ज्येचा कुलूप त्येच्या दाराक लागांदे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "ह्या खोलयेत बसलली आसत त्येंका तू दुसरी वाट दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि भाई, त्यात मला शेवंतीचा आवाज ऐकू आला. ती तुझ्या दारात उंबरठ्यावर मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि स्वतःला बाहेर काढायच्या गाऱ्हाण्याला सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणाली. मुलगीही म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले, आणि मग कळले की मीही म्हटले होते. माझे तोंड अजून उघडेच होते.

मला हसू आले की रडू, ते सांगता येणार नाही. मी उठून उभी राहिले. आजवर सभेत मी पुस्तकी मराठी बोलायचे, तू त्यावरून चिडवायचास. त्या दिवशी ती आठवलीच नाही.

"दाजी, देवाक सांगान झाला. आता शेवंतीक सांगा."

"गाऱ्हाण्यामागसून बोलनत नाय गो."

"देव आयकान गेलो. आता मी एकेकाक इचारतलंय. शेवंती हयसर बसली हा. तिच्याकडे बघून सांगा, काडूची की नाय. एकाच्या आवाजात दुसऱ्यान म्हणूचा नाय."

मी वहीचे कोरे पान उघडले. मग मी नावे घ्यायला लागले.

दाजींनी शेवंतीकडे बघितले, मग नारळाकडे. "माका कित्याक पयलो इचारतस?" मी त्यांचे नाव लिहिले. "...पावसात नको. मी तसा म्हणूक नाय. ऱ्हवांदे."

गंगाराम सरळ तिच्याकडे बघून म्हणाला, "काडा. माका वायट म्हणा. माझ्या झिलाची खोली त्येकाच र्‍हवाक व्हयी." मी लिहिले. खरे सांगू, मला त्याचा राग आला नाही. वर्षभरात माझ्याशी खरे बोललेला तो पहिला माणूस.

बाबली म्हणाला, "हरिश्चंद्र माझो दोस्त. त्येच्या मागसून त्येची खोली दिवची नाय. काडा." भिकाजी सहसा बोलत नाहीत, त्यांनी मान हलवली, मी म्हटले तोंडाने सांगा, तर म्हणाले, "नको काडूक. आतसून बांबू तिनाच धरल्यान, मी वर होतंय तेवा." काशीबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. त्यांना वाटले मी त्यांना सोडीन. नाही सोडले. शेवटी म्हणाल्या, "ह्या वर्सा माझी भिंत सुकी आसा. ऱ्हवांदे गो तिका. मी आदीच म्हणूक व्हया होता."

मग आई. मला वाटले होते तिचे उत्तर मला माहीत आहे. ती म्हणाली, "ती खोली माझ्या झिलाची. त्येका कोणी इचारल्यान? पत्रां धाडलस म्हणतस. पत्रांत इचारलस, की सांगलस?"

मग ती म्हणाली, "तो बोलासर माझा व्हय पण नाय आणि नाय पण नाय."

दाजी म्हणाले, "मगे इचार त्येका. सातवो तो."

वहीत पहिल्यांदा मी 'एकमताने' लिहिले नाही. कोण काय म्हणाले ते लिहिले. तिघे राहू दे म्हणतात, दोघे काढा म्हणतात, आई तुझ्यावर थांबली आहे. वाचून दाखवले तेव्हा गंगाराम म्हणाला, "माझा बरोबर लिवलस," आणि उठून गेला. जाताना एक कोंबडी उचलून घेऊन गेला. फक्त एकच. पण गेला घेऊन.

घरी येऊन मी तुला पाठवलेली पत्रे आठवत बसले. किल्ली पाठव, असे लिहिले. उत्तर नाही म्हणजे हरकत नाही, असे धरले. दाजींच्या गाऱ्हाण्यात सगळ्यांच्या बाबतीत जे केले तेच तुझ्या बाबतीत केले: तू गप्प राहिलास आणि मी तुझ्या तोंडात 'व्हय म्हाराजा' घातले. आणि वर तू रागावलास म्हणून मी रागावले.

नियम मला अजूनही बरोबरच वाटतो. छप्पर एक आहे, बंद खोली सगळ्यांना भिजवते, आणि शेवंतीचे घर समुद्रात आहे. यातले काही मी मागे घेत नाही. पण खोली तुझी आहे, ती तू बांधलीस, आणि तुला कोणी विचारले नाही. आता विचारते. चिटणीस म्हणून नाही.

शेवंतीने आणि तिच्या मुलीने तुझ्या खोलीत राहावे का?

तू नाही म्हणालास तर मी तुझे सामान पुन्हा आत लावीन, नवे कुलूप घालीन, आणि किल्ली तुझ्या हातात देईन. तुला दोष देणार नाही, निदान पत्रात तरी नाही. शेवंतीला मी आईच्या खोलीत बोलावले, ती ऐकत नाही. म्हणते दुसऱ्यांदा कोणाला अडचण करणार नाही. गाठोडे बांधलेले आहे. तुझे पत्र येईपर्यंत ती ते सोडणार नाही, आणि उचलणारही नाही, एवढे मी तिच्याकडून कबूल करून घेतले आहे. चतुर्थी जवळ आली. काहीच आले नाही, तर यावेळी मी ते हो धरणार नाही.

सोबत जोडकार्ड पाठवते. उत्तराच्या कार्डावर आपला पत्ता मी घालून ठेवला आहे. बाबलीकडे निरोप देऊ नको, वहिनीकडून लिहून घेऊ नको. तुझे अक्षर चौथीतले असले तरी माझ्यापेक्षा वळणदार आहे. आपल्या भिंतीवर रोज बघते. एकच शब्द पुरे.

व्हय लिही, नाहीतर नाय लिही. पुढे म्हाराजा लिहू नको.

तुझी,
येसू